माळ्यावर लाल डबे निघाले तर: एचडी डीव्हीडीवाल्यांसाठी थोडं मार्गदर्शन

वडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागातल्या जुन्या मराठी घरांत सध्या आवराआवर चालू आहे. वाडा बिल्डरला जातो, आईवडील फ्लॅटमध्ये जातात आणि माळा रिकामा करताना डिस्कचं एक खोकं हमखास खाली येतं. मी दांडिया बाजारात बरीच वर्षं व्हीसीडी-डीव्हीडीची लायब्ररी चालवली. दुकान बंद होऊन जमाना झाला, पण खोकं अजून माझ्याच दारात येतं. "काका, बघा ना यातलं काही कामाचं आहे का. नाहीतर पस्तीवाल्याला देऊन टाकते."

पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, त्याला प्लास्टिकचा भाव देईल. देण्याआधी तासभर काढा. त्यातही डबे लाल रंगाचे असतील तर जरा जास्त.

आधी ओळख पटवा

साधा डीव्हीडीचा डबा काळा आणि उंच असतो. त्याहून बुटका, निळसर पारदर्शक डबा म्हणजे ब्लू-रे. तसाच बुटका पण लालसर डबा, वरच्या पट्टीवर एचडी डीव्हीडी असं छापलेलं, तो आपला आजचा विषय: साध्या डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणारी, पण ब्लू-रेशी स्पर्धेत हरलेली डिस्क. डब्याला कागदी कव्हर नसेल तर घाबरू नका, त्याचंही कारण पुढे येईल. डिस्क हातात घेऊन मधल्या भोकाभोवतीचं बारीक अक्षर ट्यूबलाइटखाली वाचा. काही डिस्क दोन्ही बाजूंनी चकचकीत दिसतील, चित्रच नसेल. त्या कॉम्बो: एका अंगाला एचडी डीव्हीडी, दुसऱ्या अंगाला साधी डीव्हीडी. कोणती बाजू कुठली, ते त्या भोकाजवळच्या अक्षरांतच लिहिलेलं असतं आणि चष्मा असला तरी भिंग घ्यावंच लागतं.

एचडी डीव्हीडी घरच्या डीव्हीडी प्लेयरमध्ये लागणार नाही. सध्या दुकानात मिळणाऱ्या ब्लू-रे प्लेयरमध्येही लागणार नाही. लोक इथेच फसतात. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी दोन्हींना ४०५ नॅनोमीटरचा तोच निळा-जांभळा लेसर लागतो, म्हणून "एक चालतं तर दुसरंही चालेल" असं वाटतं. पण एचडी डीव्हीडीत माहितीचा थर जुन्या डीव्हीडीसारखाच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत आहे, आणि ब्लू-रेत जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. भिंगं वेगळी, मांडणी वेगळी. दोन्ही वाचणारी यंत्रं थोडीच निघाली. एलजीने २००७च्या सुरुवातीला बीएच१०० आणलं, किंमत ११९९ डॉलर. सॅमसंगचंही एक होतं. अशातलं एखादं तुमच्या माळ्यावर निघालं तर ते पस्तीत देऊ नका, मला फोन करा.

हे वडोद्यात आलं कसं

डबे का आले ते कळलं, तर त्यांचं काय करायचं हेही बरंचसं कळतं.

तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेयर अमेरिकेत एप्रिल २००६मध्ये ४९९ डॉलरला आला. दोन महिन्यांनी सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेयर आला तो हजार डॉलरला. एका बाजूला तोशिबा आणि एनईसी, दुसऱ्या बाजूला सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स आणि मोठी पलटण. स्टुडिओंनीही बाजू वाटून घेतल्या. म्हणजे हा सिनेमा हवा तर हे यंत्र, तो हवा तर ते. ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट ब्लू-रे सोडून एचडी डीव्हीडीकडे गेलं, तेव्हा ब्लू-रेवाले चिडले. ४ जानेवारी २००८ला वॉर्नरने एचडी डीव्हीडी सोडण्याची घोषणा केली, तेव्हा दुसरी बाजू चिडली. वॉर्नरने निर्णय फिरवावा म्हणून ऑनलाइन अर्जावर सह्या गोळा झाल्या. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स (तेव्हा पोस्टाने डिस्क भाड्याने देणारी कंपनी) आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही अमेरिकेतली मोठी दुकानं एकामागून एक बाजूला झाली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले.

आता यात गिऱ्हाइकाचं काय झालं बघा, कारण तुमच्या खोक्यातला माल त्यावरून ओळखता येतो.

एक गट मनापासून भांडणारा. यांनी यंत्र पूर्ण किमतीला घेतलं होतं, त्यामुळे पैसे तर गेलेच, वर आपली बाजू हरल्याचा अपमान. मार्च २००८मध्ये बेस्ट बायने आपल्याकडून एचडी डीव्हीडी प्लेयर घेतलेल्यांना ५० डॉलरची गिफ्ट कार्डं पाठवली. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी वाचत मोठे झालेले आपण, आपल्याला हे जरा परीकथेसारखं वाटतं. पुढे वॉर्नरने अशी योजना काढली की एचडी डीव्हीडीचं मूळ छापील कव्हर पाठवा, वर ४.९५ डॉलरपासून पुढे पैसे भरा आणि त्याच सिनेमाची ब्लू-रे घ्या. डिस्क मागितलीच नव्हती, फक्त कव्हर. म्हणून काही लाल डबे कव्हराविना दिसतात. डबा उघडा, आत डिस्क बहुतेक शाबूत असते.

दुसरा गट हुशार. २ नोव्हेंबर २००७ला वॉलमार्टने तोशिबाचं एचडी-ए२ मॉडेल ९८.८७ डॉलरला काढलं. तेव्हाच्या भावाने चार हजार रुपयांच्या आत. शिवाय कूपन पाठवलं की पाच सिनेमे पोस्टाने फुकट. आणि फेब्रुवारीनंतर डिस्कच्या किमती कोसळल्या, तेव्हा "मेलं तर मेलं, सिनेमा तर चांगला दिसतोय" म्हणून या मंडळींनी पिशव्या भरभरून घेतलं. आपल्याकडे आलेल्या बहुतेक बॅगा याच गटातल्या, अमेरिकेतल्या भाच्यांनी भरल्या. डिसेंबर-जानेवारीत वडोदरा स्टेशनवर उतरणाऱ्या त्या मंडळींना मामा-मावशीसाठी काहीतरी भारी न्यायचं असतं, आणि चार हजारांत एवढं भारी दिसणारं दुसरं काय मिळणार? खोक्यात तेच ते पाच-सहा सिनेमे निघाले तर ते त्या फुकटच्या कूपनवाले समजा. एकाच सिनेमाच्या दोन डिस्क आल्या तर दुसरी ठेवून द्या. का, ते डाग तपासताना कळेल.

तिसरा आणि सगळ्यात मोठा गट स्वस्थ बसून राहिला. एकमेकांना संपवू देत, आपली डीव्हीडी बरी आहे. माझ्या मते या सगळ्या भांडणात खरं मत यांनीच दिलं, फक्त आवाज न करता.

आणि वडोद्यात? त्याच २००७ साली मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. माझ्या गिऱ्हाइकांचं युद्ध ते. "काका, २८ची घेऊ की ३४ची?" घरात २१ इंची डब्बा टीव्ही, त्यावर हाय डेफिनिशन काय दिसणार, कपाळ! अमेरिकेहून आलेला प्लेयर दिवाणखान्यात शोकेसमध्ये चढला आणि फारसा लागलाच नाही. आज त्याचा फायदा आहे. कमी चाललेलं यंत्र आहे.

प्लगमध्ये घालण्याआधी

हात जोडून सांगतो, भिंतीतल्या प्लगला सरळ लावू नका. यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचा. अमेरिकन बाजारातल्या प्लेयरवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल आणि आपल्या घरात २३०. बारीक पिनांचा अ‍ॅडाप्टर बसतो म्हणून लोक लावतात. तो फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. टप्प करून आवाज येतो आणि वास सुटतो, मग यंत्र माझ्याकडे येतं. तेव्हा मी काही करू शकत नाही.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. मरीमाताच्या खांच्यात मोबाइलच्या दुकानांत विचारलंत तर बरेच जण पिनांचा अ‍ॅडाप्टरच पुढे करतील, म्हणून "अमेरिकेचं मशीन आहे, २३०चं ११० करायचंय" असं स्पष्ट म्हणा. पट्टीवर वॅटचा आकडा असतो, त्याच्या दुप्पट वॅटचा ट्रान्सफॉर्मर घ्या. कंजुषी करू नका. पहिल्या पिढीतलं तोशिबाचं एचडी-ए१ असेल तर त्याच्या पोटात अक्षरशः पेन्टियम ४चा कॉम्प्युटर आहे. बटण दाबल्यावर मिनिटभर काहीच होत नाही. लोकांना वाटतं बिघडलं. बिघडलेलं नाही, उठतंय. तेवढ्यात एक चहा पिऊन होतो.

पण चालू करण्याआधीही वरचं झाकण उघडवून धूळ काढून घ्या. इतकी वर्षं बंद असलेल्या यंत्रात ट्रे ओढणारा रबरी पट्टा कडक होतो, ट्रे अर्ध्यावर अडकतो आणि आपण तो हाताने ओढायला जातो. ओढू नका. कॅसेटचे टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एखादा म्हातारा कारागीर अजून मिळतो. त्याच्याकडे तसल्या पट्ट्यांची बरणीच असते, मापाचा निघतो. त्याला एवढंच सांगा की लेन्सला हात नको, आणि पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर दिसले तर बदल.

टीव्हीची काळजी करू नका. आताच्या एलईडीला एचडीएमआयने जोडा, ६० हर्ट्झचं चित्र तो निमूट घेतो. मात्र त्या प्लेयरमध्ये आपल्याकडची साधी डीव्हीडी घालाल तर नकार देऊ शकतो. डिस्क कोणत्या देशांत चालेल त्या विभागाला रीजन म्हणतात: अमेरिका डीव्हीडीच्या रीजन १मध्ये, भारत ५मध्ये. डब्यामागे पृथ्वीगोलाचं चिन्ह आणि आत आकडा असतो, तो बघा. एचडी डीव्हीडीला मात्र रीजनच नव्हता, त्यामुळे लंडनच्या काकांनी आणलेली डिस्कही अमेरिकेच्या प्लेयरवर चालते. ब्लू-रेचं पुन्हा वेगळं: अमेरिका ए, भारत सी. निळे डबे घेताना हे लक्षात असू द्या.

डाग तपासणं

एचडी डीव्हीडीच्या काही डिस्क आतून सडतात. ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही, तरी सिनेमा बरोब्बर एकाच जागी गोठतो. डिस्क तिरपी धरा आणि उजेड तिच्यावरून सरकू द्या. आतल्या थरात दुधाळ ढग, कडेकडून सरकणारा तांबूसपणा किंवा टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर सड लागलेली आहे. ती धुऊन, पॉलिश करून जाणार नाही, कारण घाण बाहेर नाहीच. अशा वेळी ती दुसरी डिस्क कामी येते. डिस्क कॉम्बो असेल तर उलटी करून डीव्हीडीची बाजू लावून बघा, तो थर वेगळा आहे, कधी कधी वाचतो.

बाकीच्यांना मऊ, धुतलेलं मलमलचं कापड घ्या. पुसायचं मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. डिस्क वाचली जाते तीही गोल, म्हणून गोल ओरखडा एकाच जागची बरीच माहिती सलग खातो आणि आडवा ओरखडा थोडी थोडी. टूथपेस्ट लावून ओरखडे घालवण्याचा उपाय ज्याला त्याला सुचतो. डीव्हीडीवर एखाद वेळी निभावतं, ब्लू-रेवर अजिबात नको, वरची जाडी ०.१ मिलिमीटर सांगितली ना. व्हीसीडी आणि सीडीचं उलटंच असतं: त्यांचा चंदेरी थर चित्राच्या बाजूला लगेच खाली आहे. म्हणून नाव लिहिताना बॉलपेनने वर टोचू नका, आणि स्टिकर ओढून काढू नका, थरासकट निघेल.

पुराचं पाणी लागलेल्या डिस्क

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचे खालचे दोन खण सगळ्यांचे गेले. त्यानंतर माझ्या ओट्यावर चिखलाने माखलेल्या डब्यांची रांग लागली होती. बरंच वाचलं. पुढच्या पावसाळ्यासाठी पद्धत सांगून ठेवतो.

चिखल वाळला असेल तर खरवडू नका. डिस्क डब्यातून काढताना मधलं बटण आत दाबा, मग उचला. वाकवून काढली तर भोकाजवळ तडा जातो. बादलीत साधं पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, त्यात डिस्क एकेक सोडा. रात्रभर नको, चिखल सुटेपर्यंतच. डीव्हीडी आणि एचडी डीव्हीडी म्हणजे दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या असतात, आणि फार वेळ पाण्यात राहिलं तर कडेने पाणी आत शिरतं. बोटाच्या पेराने हलकेच फिरवा. भोकाभोवतीच्या खाचेत चिखल बसतो तो कापसाच्या काडीने काढा, कारण तोच पुढे प्लेयरमध्ये झडतो. शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने. नळाच्या पाण्याने केलंत तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे गोल उमटतात.

वाळवायचं ताटाळ्यात, उभं, सावलीत. उन्हात नाही, हेअर ड्रायरने तर नाहीच. समोरच्या वाड्यातल्या वहिनींनी आख्खं ताटाळं रिकामं करून त्यात मुलीच्या लग्नाच्या आणि बारशाच्या डिस्क लावल्या होत्या, आणि घरच्यांना जेवण केळीच्या पानावर. हेच करायचं. कागदी कव्हरं प्लास्टिकमधून ओलीच काढा, वाळू दिलीत की चिकटून बसतात. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते; कोऱ्या कागदात ठेवा आणि कागद बदलत राहा.

घरच्या डिस्क आधी, सिनेमे मग

खोक्यात लाल-निळ्या डब्यांच्या खाली लग्नाची, मुंजीची डीव्हीडी हमखास असते. खालून जांभळट दिसते ती घरी किंवा स्टुडिओत लिहिलेली. तिचा रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. सिनेमा जगात आणखी कुठेतरी आहे, तुमच्या आजीचा आवाज याच एका डिस्कवर आहे. म्हणून ही आधी. डीव्हीडी असेल तर कॉम्प्युटरमध्ये उघडा, व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवा. व्हीसीडी असेल तर एमपीईजी-एव्ही फोल्डरमधली डॅट फाइल. दोन्ही व्हीएलसीमध्ये चालतात. प्रत दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी त्याच कपाटाच्या खालच्या खणात ठेवू नका, विश्वामित्रीला दोन्ही एकदमच मिळतील.

लहान, आठ सेंटिमीटरची डीव्हीडी निघाली आणि कॉम्प्युटरने रिकामी म्हटलं, तर टाकू नका. ती कॅमकॉर्डरची आहे आणि बहुधा फायनलाइझ केलेली नाही, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पक्की केलेली नाही. तोच कॅमेरा शोधा, त्याच्या मेनूत ते करा. आणि ज्या ड्राइव्हमध्ये ट्रे नसून फट असते, त्यात ही घालायचीच नाही.

सिनेमांचं काय, तर माझं मत असं: हरलेल्या फॉरमॅटमध्ये डिस्क जपण्याआधी यंत्र जपा. डिस्क आजही ढिगाने आहेत, यंत्र दर वर्षी कमी होतंय. दुसरं यंत्र हवं असेल तर सोपा मार्ग मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०ची वेगळी मिळणारी एचडी डीव्हीडी ड्राइव्ह. ती यूएसबीने कॉम्प्युटरलाही जोडता येते. एलजीची जीजीसी-एच२०एल ही कॉम्प्युटरची ड्राइव्ह लाल-निळं दोन्ही वाचते. दोन्ही ड्राइव्हना १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, नुसत्या यूएसबी वायरवर त्या फिरणार नाहीत. शिवाय चालवणारं जुनं सॉफ्टवेअर लागेल. हा मार्ग ज्याला संध्याकाळी खटपट करायला आवडते त्याचा.

आणि निळे डबे जिंकले म्हणून त्यांचं यंत्र कायम मिळेल असं समजू नका. एलजीने २०२४च्या शेवटी ब्लू-रे प्लेयर बंद केले, सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. ब्लू-रे असतील तर प्लेयर यंदाच घेऊन ठेवा.

या डिसेंबरला कुणी येत असेल, तर त्याला आताच असा मेसेज टाका: "येताना एक्सबॉक्स ३६०ची एचडी डीव्हीडी ड्राइव्ह सेकंडहँड बघ, तिच्या अ‍ॅडाप्टरसकट, चालवून बघितलेली. तोशिबाचा रिमोट मिळाला तर तोही, आपला हरवला आहे. नवीन सिनेमे आणू नकोस. आणि खोक्यात तुझ्या फुकटच्या कूपनवाल्या दोन जास्तीच्या आहेत, त्या तू परत घेऊन जा."